डिकीतली चार युनिटं

२००६ साली सनीव्हेलमध्ये मी जुनी प्रियस घेतली, तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता. "ही रात्री चार्जिंगला लावावी लागते का रे?" मी अभिमानाने "छे छे" म्हणायचो. गाडी विकणाऱ्यानेही मला तेच अभिमानाने सांगितलं होतं. टोयोटाच्या प्रचारातही तोच मुद्दा असायचा : या गाडीला प्लग नाही, वायर नाही, पेट्रोल भरा आणि विसरा.

तीन वर्षांनी त्याच गाडीच्या मागच्या बंपरला भोक पाडून मी तिला प्लग बसवून घेतला. त्यासाठी साडेसात हजार डॉलर मोजले. हा वेडेपणा माझ्या डोक्यातून निघालेला नव्हता. आमच्याच परिसरातल्या काही मंडळींनी तो पाच वर्षं आधी केला होता. आज रस्त्यावर प्लगवाल्या गाड्या इतक्या झाल्यात की त्या मंडळींची आठवण फारशी कुणाला उरलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

प्लग नसणं हा गुण कसा झाला, ते आधी सांगायला हवं. प्रियस डिसेंबर १९९७मध्ये जपानात आली, २०००मध्ये अमेरिकेत. त्याच सुमाराला जनरल मोटर्सची पूर्ण विजेवर चालणारी ईव्ही-१ कॅलिफोर्नियात लोकांना भाड्याने दिलेली होती. कंपनीने त्या गाड्या परत मागवल्या आणि बहुतेक चक्क चिरडून टाकल्या. चालवणारे लोक रडले, त्यांनी पहारे दिले, पुढे त्यावर माहितीपटही निघाला. त्या वातावरणात प्लग म्हणजे अपशकुन. विजेची गाडी म्हणजे रस्त्यात मधेच बंद पडणारी गाडी, असं गिऱ्हाइकांच्या मनात बसलेलं. टोयोटाने त्यातून शहाणपणाने वाट काढली : बॅटरी ठेवली, प्लग काढला.

पण ती बॅटरी केवढी? माझ्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडच्या १६८ सेल, २०१.६ व्होल्ट, आणि साठवण १.३ किलोवॉट-अवर. आपल्या घरच्या विजेच्या बिलाच्या भाषेत सव्वा युनिट! त्यातही गाडीचा कॉम्प्युटर तिला साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्येच खेळवतो, आयुष्य वाढावं म्हणून. म्हणजे हाताशी उरलं अर्धं युनिट. बाथरूममधला गीझर पंधरा मिनिटं चालेल एवढं. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा पकडायची आणि गाडी सुटताना वापरायची, एवढ्यासाठी ते पुरेसं आहे. पण ती ऊर्जाही शेवटी पेट्रोलचीच. प्लग नसलेल्या हायब्रिडच्या बॅटरीत येणारी सगळी वीज अखेर टाकीतूनच येते, ही साधी गोष्ट मला गाडी घेतल्यावर सहा महिन्यांनी उमगली. इंजिनिअर असून.

आणखी एक गंमत होती. जपान आणि युरोपातल्या त्याच प्रियसला 'ईव्ही' लिहिलेलं एक बटण होतं. ते दाबलं की बॅटरीत दम असेपर्यंत गाडी कमी वेगात नुसत्या विजेवर चालायची, किलोमीटर-दोन किलोमीटर. अमेरिकेतल्या गाडीत ते बटण नव्हतं, पण कॉम्प्युटरमध्ये त्याची सोय मात्र तशीच होती. काही मालकांनी योग्य ती वायर शोधून, तिला एक साधं बटण जोडून ती सोय जागी केली. घराला एक दार आहे आणि ते आपल्यापासून लपवलेलं आहे, हे एकदा कळलं की माणूस भिंती ठोकून बघायला लागतो.

भिंती ठोकणाऱ्यांत पुढे होते फेलिक्स क्रेमर. त्यांनी २००२मध्ये पालो आल्टोत कॅलकार्स नावाची ना-नफा संस्था काढली. ते इंजिनिअर नव्हते, उद्योजक होते, आणि बोलण्यात हुशार. तांत्रिक बाजू सांभाळत होते रॉन ग्रेंबन. कल्पना दोघांचीही नव्हती. डेव्हिसच्या विद्यापीठात प्राध्यापक अँडी फ्रँक १९९०च्या दशकापासून विद्यार्थ्यांकडून प्लगवाल्या हायब्रिड बांधून घेत होते आणि गाड्यांच्या कंपन्यांना दाखवत होते. कंपन्या बघायच्या, कौतुक करायच्या, घरी जायच्या. कॅलकार्सने ठरवलं की नवी गाडी बांधायचीच नाही. लोक रांगा लावून घेतायत त्याच गाडीत मोठी बॅटरी घालून दाखवायची.

२००४च्या सप्टेंबरमध्ये ग्रेंबन यांच्या गॅरेजात, स्वयंसेवकांच्या मदतीने, पहिली प्रियस पालटली. बॅटऱ्या कसल्या? विजेच्या सायकलींना वापरतात तसल्या, सीलबंद लेड-ॲसिडच्या. जड, स्वस्त, आणि शे-दोनशे फेऱ्यांत म्हाताऱ्या होणाऱ्या. विजेवरचा पल्ला साधारण दहा मैलांचा. गाडीचं मागचं टोक खाली बसलेलं. पण चालली!

खरं कसब बॅटरीत नव्हतं, थाप मारण्यात होतं. प्रियसचा कॉम्प्युटर सतत बॅटरीला विचारत असतो, किती भरली आहेस? बॅटरी भरलेली दिसली की तो इंजिनाला विश्रांती देतो आणि मोटरला पुढे करतो. पालटणाऱ्यांनी मधे एक छोटं सर्किट बसवलं. खरी स्थिती काहीही असो, ते कॉम्प्युटरला 'भरपूर आहे' असंच सांगत राहायचं. बिचारा कॉम्प्युटर विश्वास ठेवून वीज उधळायचा. टोयोटाच्या सॉफ्टवेअरची एक ओळही न बदलता टोयोटाच्या गाडीचा स्वभाव पालटला.

या थापेला मर्यादा होत्या. ताशी ३४ मैलांच्या, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरच्या पुढे वेग गेला की इंजिन फिरायलाच लागायचं. इंजिन थांबलेलं आणि चाकं जोरात फिरतायत, अशा वेळी त्या गिअरच्या रचनेत एक मोटर प्रमाणाबाहेर वेगाने फिरू लागते, म्हणून ती मर्यादा. हायवेवर पॅक फक्त हातभार लावायचा. 'शंभर मैल प्रति गॅलन' या गाजलेल्या आकड्याच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह असायचं आणि शिवाय वीज वेगळी. ते चिन्ह बातम्यांमध्ये बहुधा गळून पडायचं.

पुढचा पट भराभर उलगडला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एनर्जीसीएसने लेड-ॲसिडऐवजी लिथियमचे पॅक बसवले. क्रेमर यांना स्वतःची तशी गाडी २००६मध्ये मिळाली आणि ते ती घेऊन सभा, पत्रकार, आमदार-खासदार असे फिरत राहिले. २००७मध्ये गूगलच्या धर्मादाय शाखेने माउंटन व्ह्यूमध्ये सौर छपराखाली पालटलेल्या गाड्या उभ्या केल्या. मी तिथून रोज जायचो. २००८मध्ये हायमोशन कंपनीचं तयार किट आलं : पाच युनिटं, डिकीत मावणारं, किंमत ९,९९५ डॉलर.

आता हिशेब करू. माझी गाडी वर्षाला बारा हजार मैल धावायची, गॅलनला ४६ मैल. म्हणजे २६० गॅलन. पेट्रोल ४ डॉलर धरलं तर वर्षाचा खर्च १,०४० डॉलर. दहा हजारांचं किट घालून मी पेट्रोल पूर्ण शून्यावर आणलं आणि वीज फुकट मिळाली, तरीही पैसे वसूल व्हायला जवळजवळ दहा वर्षं. ते शून्यावर येणार नव्हतं आणि वीज फुकट नव्हती. बायकोने हा हिशेब कागदावर करून फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला. तो पुढे दोन वर्षं तिथेच होता.

मला हळूहळू समजलं ते हे, की हा हिशेब कॅलकार्सच्या मंडळींनाही पक्का ठाऊक होता. त्यांना किटं विकायची नव्हतीच. गाड्यांच्या कंपन्या म्हणायच्या, प्लगवाली गाडी कुणी घेणार नाही. त्यावर ही माणसं दहा-दहा हजार डॉलर घालून आणि वॉरंटीवर पाणी सोडून रस्त्यावर चालतं-बोलतं उत्तर ठेवत होती. गाडी हा त्यांचा अर्ज होता. तो मंजूर व्हावा आणि किटांची गरजच संपावी, ही त्यांची इच्छा.

मी इतका निःस्वार्थी नव्हतो. मला खेळणं हवं होतं. २००९मध्ये एका छोट्या वर्कशॉपकडून चार युनिटांचा लिथियम पॅक बसवून घेतला. कुणाचा ते इथे महत्त्वाचं नाही. ऑफिस सात मैलांवर, रस्ता सिग्नलचा, वेग बेताचा. पहिल्याच सकाळी गाडी घरापासून पहिल्या सिग्नलपर्यंत आवाज न करता गेली तेव्हा झालेला आनंद फ्रिजवरच्या कागदात बसणारा नव्हता.

त्याच उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे आले होते. अण्णा, माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घातलेलं आणि हायड्रोमीटर बुडवून बघितलेला. गाडीत गेलेल्या पैशांचा आकडा मी त्यांना सांगितला नव्हता. डिकी उघडून त्यांनी पॅकवर बोटाने टिचकी मारली.

"पाणी कुठून घालायचं?"

"याला पाणी लागत नाही, अण्णा."

"किती युनिटं?"

"चार."

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी प्लग लावत असताना मागे येऊन उभे राहिले. नाशिकजवळच्या आमच्या गावी तेव्हा लोडशेडिंग दिवसाचे कित्येक तास असायचं. घरात इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. पूर्ण भरली तर १.८ युनिट. दोन पंखे, दोन ट्यूब, आणि आईचं मशीन त्यावर चालायचं.

"म्हणजे आपल्या दोन इन्व्हर्टरपेक्षा जास्त वीज तू ऑफिसला जायला वापरतोस." त्यांचा सूर रागाचा नव्हता, मोजमाप केल्याचा होता. मग म्हणाले, "उलटी येते का ती? गाडीतून घरात?"

मी म्हटलं नाही. पण अण्णांचा प्रश्न अडाणी नव्हता. गाडीच्या बॅटरीतून वीज परत तारांमध्ये सोडायची कल्पना डेलावेअर विद्यापीठातले विलेट केम्प्टन १९९७पासून मांडत होते, आणि प्लगवाल्यांच्या सभांत ती हमखास निघायची. तिथे ती भविष्याची गोष्ट म्हणून निघायची. अण्णांना ती येत्या मंगळवारसाठी हवी होती.

पुढच्याच वर्षी, जून २०१०मध्ये, पुण्यातून बातमी आली. केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी 'रिव्होलो' जाहीर केलं होतं. हायब्रिड गाडीला नव्हे, आपल्या साध्या पेट्रोल गाडीलाच प्लगवाली हायब्रिड करणारं किट : इंजिनाला मोटरची जोड, डिकीत बॅटरी, घरी चार्जिंग. किंमत ६५ हजार ते दीड लाख रुपये, इंधनाची बचत चाळीस टक्क्यांवर असा दावा. कॅलिफोर्नियातल्या किटाच्या मानाने हे मला फार शहाणं वाटलं, कारण आपल्याकडे आधी हायब्रिड होत्याच कुठे? अण्णांनी कात्रण ठेवलं होतं. पण वापरातल्या गाडीत असं किट बसवायला नियम हवेत, चाचण्या हव्यात. ते नियम केंद्र सरकारने आणले २०१६ साली. घराघरांतल्या मोटारींत रिव्होलो काही पोचलं नाही. त्या कात्रणाचं पुढे काय झालं, माहीत नाही.

नियमांवर मी तेव्हा चिडायचो. आता तितका चिडत नाही. जून २००८मध्ये साऊथ कॅरोलिनात एका वीज सहकारी संस्थेची पालटलेली प्रियस पेटून खाक झाली होती. तपासात सेलचा दोष निघाला नाही, बोल्टने जोडलेला एक सांधा नीट बसवलेला नव्हता. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बॅटरी जळत नाही रे, टर्मिनल जळतं." एसटीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने २००९मध्ये किटांसाठी प्रदूषणाच्या चाचण्या लागू केल्या त्यालाही कारण होतं. विजेवर चालता चालता मधेच थंड इंजिन जोरात सुरू झालं, तर तापलेलं नसलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर साफ करू शकत नाही. 'हिरवी' गाडी काही मिनिटं चांगलीच काळी होऊ शकते.

अर्ज मात्र मंजूर झाला. जनरल मोटर्सने, ईव्ही-१ चिरडणाऱ्या त्याच कंपनीने, जानेवारी २००७मध्ये व्होल्ट दाखवली आणि डिसेंबर २०१०मध्ये विकायला काढली. २०१२मध्ये खुद्द टोयोटाने प्लगवाली प्रियस आणली. बॅटरी ४.४ युनिटांची, विजेवरचा अधिकृत पल्ला ११ मैल. म्हणजे ग्रेंबन यांच्या गॅरेजातल्या गाडीइतकाच, साडेसात वर्षांनी, वॉरंटीसकट. हायमोशन विकत घेतलेली ए१२३ ही बॅटरी कंपनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली.

माझा पॅक २०१३च्या हिवाळ्यात एका रात्री चार्ज होईना. वॉरंटी आधीच संपली होती आणि वर्कशॉपचा फोन बंद होता. पॅक बंद पडला तरी गाडी चालू राहिली. ती मुकाट्याने पुन्हा साधी प्रियस झाली. तिच्या कॉम्प्युटरला चार वर्षांनी खरं ऐकू येऊ लागलं. निरुपयोगी ओझं वर्षभर वाहून शेवटी मी पॅक काढला आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात देऊन आलो. त्यातले बरेच सेल चांगले असणार. ते गावी नेता आले असते तर, असा विचार मनात आला, पण विमानात तसलं सामान कोण नेऊ देणार? अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी फक्त टर्मिनल तपासली होती का ते विचारलं. तपासली नव्हती.

गाडी २०१६मध्ये एका विद्यार्थ्याला विकली. त्याने टायर बघितले, मैल बघितले, मग मागे वाकून बंपरमधल्या सॉकेटचं झाकण उघडलं.

"ही प्लगवाली आहे?"

मी म्हटलं, होती. त्याने त्या भोकाचे दोनशे डॉलर कापून घेतले.