भोगनगरातील कसोटी आणि संकेतस्थळांवरील बुद्धवचने

पाली भाषेच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने काही वर्षांपूर्वी ‘बुद्ध आणि विवेकवाद’ या विषयावर निबंध सादर केला. निबंधाच्या आरंभीच कालामसुत्तातील म्हणून एक अवतरण होते. त्याचा आशय असा, की कोणीही काहीही सांगितले, अगदी स्वतः बुद्धाने सांगितले, तरी ते आपल्या बुद्धीला व व्यवहारज्ञानाला पटल्याखेरीज मानू नये. अवतरणाखाली एका संकेतस्थळाचा पत्ता दिलेला होता. मूळ पालीत हे वाक्य कोठे येते असे विचारता तिने निरागसपणे उत्तर दिले, की हेच अवतरण आणखी अकरा संकेतस्थळांवर आहे. तपासल्याखेरीज काही मानू नका असे सांगणारे वचनच न तपासता मानले गेले होते.

वस्तुतः ही तपासणी अवघड नव्हती. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात हे सुत्त केसमुत्तिसुत्त या नावाने आहे. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली १९५६ पासून प्रसिद्ध झालेली नालंदा देवनागरी आवृत्ती आपल्या अनेक ग्रंथालयांत आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने षष्ठ संगायनाचा पाठ देवनागरीत छापला आणि तो संगणकावरही उपलब्ध करून दिला. तो उघडून पाहिला असता प्रचलित अवतरणाचा फोलपणा तत्काळ ध्यानात येतो. तथागतांनी केवळ ज्यांच्या आधारावर विसंबू नये अशा दहा गोष्टी सांगितल्या. त्यांत अनुस्सव आहे, परंपरा आहे, पिटकाचा दाखला आहे. परंतु त्याच यादीत तक्कहेतु आणि नयहेतु, म्हणजे तर्क व अनुमान हेही आहेत. आपल्या मताशी जुळते म्हणून स्वीकारणे हेही तेथे वर्ज्यच आहे. संकेतस्थळावरील वाक्याने ज्या बुद्धीला अंतिम न्यायाधीश केले, तिलाही मूळ सुत्ताने मर्यादा घातलेली आहे. शिवाय कालामांचा प्रश्न परस्परविरोधी मते सांगणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांपैकी कोण खरे बोलतो व कोण खोटे, हा होता. अमुक वचन खरोखर अमक्याचे आहे काय, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नव्हता.

तरीही दहांपैकी नववी गोष्ट आजच्या विद्यार्थ्याने पाठ करावी अशी आहे. ती म्हणजे भब्बरूपता, सांगणाऱ्याचे विश्वासार्ह दिसणे. सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू या अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यांनी १० इतिहासकार, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना काही संकेतस्थळे पारखावयास दिली. इतिहासकार पीएच.डी. झालेले, कागदपत्रांची चिकित्सा हा त्यांचा व्यवसायच. परंतु त्यांच्यापैकी अनेकजण विद्यार्थ्यांप्रमाणेच भारदस्त नाव, बोधचिन्ह आणि व्यवस्थित मांडणी यांना फसले. ते समोरचे पान वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचीत राहिले. तथ्य-तपासनीस मात्र ते पान लवकरच सोडून गेले, आणि ही संस्था कोण, तिच्याविषयी इतर काय म्हणतात, हे त्यांनी अन्यत्र शोधले. त्यांना कमी वेळ लागला आणि त्यांचे निष्कर्षही अधिक अचूक ठरले. पानाची परीक्षा पानावर होत नाही, हे आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना काहीसे लाजविणारे सत्य आहे.

वचनाच्या प्रामाण्याचा प्रश्न पाली वाङ्मयात जेथे थेट हाताळला आहे, ते स्थळ म्हणजे दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्त. भोगनगर येथील आनंदचैत्यात तथागतांनी चार महापदेस सांगितले. कोणी भिक्खू म्हणेल, हे मी साक्षात भगवंतांच्या मुखातून ऐकले; कोणी म्हणेल, स्थविरांसह असलेल्या संघाकडून ऐकले; कोणी अनेक बहुश्रुत स्थविरांचे, तर कोणी एकाच स्थविराचे नाव सांगेल. चारही प्रसंगी आदेश एकच आहे. त्याचे अभिनंदन करू नये, धिक्कारही करू नये. पदे व व्यंजने नीट ध्यानी घेऊन ती सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावी. साक्षीदाराच्या मोठेपणाला येथे कोणतीही सवलत नाही. (कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आता अनेकदा कोणाचेच नाव न सांगता बुद्धवचन देतात. हा पाचवा प्रकार झाला. पण त्यालाही हीच कसोटी पुरेशी आहे.) आमच्या विद्यार्थ्यांच्या ओठी कालामसुत्त सतत असते, महापदेस क्वचितच. संशोधनाच्या दृष्टीने हा क्रम उलटा असावयास हवा.

अधिकृतपणाचा शिक्का किती फसवा असू शकतो याचे उदाहरण बौद्ध पुरातत्त्वाच्याच इतिहासात आहे. डॉ. अलॉइस फ्यूरर हे वायव्य प्रांत व अवध येथे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी होते. नेपाळच्या तराईत १८९५ मध्ये निगाली सागर येथील आणि १८९६ मध्ये लुंबिनी येथील अशोकस्तंभांचे लेख उजेडात आले. या शोधांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १८९७ मध्ये अलाहाबादच्या सरकारी छापखान्यातून त्यांचा ग्रंथ निघाला. निगाली सागराजवळील कोनागमन बुद्धाच्या भव्य स्तूपाचे त्यात सविस्तर वर्णन आहे. तो स्तूप तेथे नव्हताच. वर्णन कनिंगहॅम यांच्या भिलसा स्तूपांवरील १८५४ च्या ग्रंथातून उचललेले होते. ऊ मा नावाच्या ब्रह्मी भिक्खूला तथागतांचे म्हणून बनावट अवशेष पुरविल्याचे प्रकरणही उघडकीस आले, आणि १८९८ मध्ये फ्यूरर यांना पद सोडावे लागले. ग्रंथ वितरणातून मागे घेण्यात आला. १८९९ मध्ये पूर्णचंद्र मुखर्जी यांनी त्या प्रदेशाची प्रत्यक्ष पाहणी केली. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालास व्हिन्सेंट स्मिथ यांनी जोडलेल्या प्रास्ताविकात हे असत्य स्पष्टपणे नोंदले गेले.

फ्यूररचा ग्रंथ उत्तम छापलेला, सरकारी, पदवीधर विद्वानाचा. तो कितीही वेळा वाचला तरी स्तूप नाही हे ग्रंथातून कळले नसते. त्यासाठी कनिंगहॅमचे पुस्तक उघडावे लागले आणि तराईत जावे लागले. दुसरेही एक आहे. ग्रंथ अविश्वसनीय ठरला म्हणून लुंबिनीचा लेख खोटा ठरला नाही. तो स्वतंत्र पुराव्यावर उभा आहे. हा भेद न कळल्यास अविश्वास हीच चिकित्सा असा समज होतो. मागे घेतलेल्या पुस्तकाची प्रत पडद्यावर समोर येते, तेव्हा मागे घेतल्याची वार्ता सोबत येईलच असे नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही निबंध परत दिला आणि तिच्या अकरा साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यास सांगितले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. सुखठणकरांनी हस्तलिखितांची कुले ठरविली, त्याचे एक प्रकरण तिला वाचावयास दिले. समान चुका समान उगम दाखवितात, एवढे सूत्र तिला पुरले. महिन्याभराने तिने तक्ता आणला. अकरांपैकी नऊ ठिकाणी कालामांच्या नगराचे नाव एकाच प्रकारे चुकले होते. दहाव्याने अकराव्याचे सौजन्य मानले होते. मूळ सुत्ताचा क्रमांक एकानेही दिला नव्हता. अकरा साक्षीदार फार तर दोन उरले, आणि त्या दोघांनीही मूळ पाहिलेले नव्हते. दुसऱ्या निबंधात ते अवतरण नव्हते. त्याच्या जागी अडीच पृष्ठांची तळटीप होती, आणि तीत तिने तक्कहेतु या शब्दाच्या अर्थाविषयी आमच्याशीच मतभेद नोंदविला होता.