गँगमनपासून कॅटपर्यंत : रेल्वेतील बढतीची लढाई

रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा कर्मचारी नाकारलेल्या बढतीसाठी कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा त्याच्याच वस्तीतली शिकलेली पोरे त्याला विचारतात, "काका, पेन्शन चालू आहे ना? मग आता कशाला हा खटाटोप?" हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण या प्रश्नामागे इतिहासाचे मोठे अज्ञान आहे. निवृत्त माणूस दोन इन्क्रिमेंटसाठी भांडतो आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी रेल्वेतल्या बढतीचा इतिहास मनमाडपासून वाचायला घ्यावा.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. हा विचार आज आपल्या प्रत्येक पोस्टरवर असतो, पण त्याच भाषणातला रेल्वेबद्दलचा भाग फारसे कोणी वाचत नाही. बाबासाहेबांनी तिथे पगाराच्या आकड्यांपेक्षा शिडीची चर्चा केली आहे. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याच्यापुढे वरची जागाच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि सवर्ण स्टेशन मास्तरच्या घरात अस्पृश्याचा हात चालत नाही. कारकुनीसाठी मॅट्रिकची अटही नव्हती, पण त्या जागा नात्यागोत्यात वाटल्या जात. वर्कशॉपमध्ये तो क्वचितच मेकॅनिक होई, फोरमन तर नाहीच.

म्हणजे रेल्वेने आपल्या माणसाला दारातून आत घेतले होते. रूळ उचलायला, खडी टाकायला, इंजिनातला कोळसा आणि राख काढायला तो हवाच होता. जातीने त्याला जिन्यावर अडवले. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला जातीची व्याख्या शिकवताना बंदिस्त स्तररचना हा शब्द वापरला जाई. त्याचे इतके नेमके उदाहरण आम्हाला पाठ्यपुस्तकात मिळाले नाही.

पुढे १९४३ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना, केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. पण त्या सरळ भरतीच्या. मग संविधान आले, १६(४) आले, ३३५ आले. तरी प्रश्न उरलाच : १६(४) मधले 'पुरेसे प्रतिनिधित्व' म्हणजे काय? गँगमन आणि खलाशी मोजून टक्केवारी भरली की झाले, की वरच्या पदांवरही माणूस दिसला पाहिजे?

या प्रश्नाचा पहिला मोठा निकाल रेल्वेच्याच खटल्यात लागला, हा योगायोग नव्हे. रेल्वे बोर्डाने २७ एप्रिल आणि १२ जून १९५९च्या परिपत्रकांनी निवडीने भरायच्या बढतीच्या पदांत राखीव जागा लागू केल्या. दक्षिण रेल्वेतल्या रंगाचारी या तिसऱ्या वर्गातील कर्मचाऱ्याने त्याला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयात २८ एप्रिल १९६१ रोजी निकाल फिरला, पण कसा? तीन विरुद्ध दोन. बहुमताचा निकाल न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिला. मागास वर्गांना फक्त तळाच्या पायरीवर नव्हे, तर निवडीच्या पदांवरही पुरेसे प्रतिनिधित्व हवे, प्रतिनिधित्व संख्येने आणि दर्जाने अशा दोन्ही बाजूंनी मोजले पाहिजे, असा त्याचा आशय. अल्पमतातल्या न्या. वांछूंना मात्र १६(४) बढतीपर्यंत ताणता येत नाही असे वाटले. म्हणजे मनमाडच्या मंडपात जे मांडले गेले होते, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तेवीस वर्षांनी एका न्यायमूर्तीच्या फरकाने टिकले. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर?

यानंतर विरोध थांबला नाही, त्याने वेश बदलला. १९८०चा खटला पाहा. अर्जदार संघटनेचे नाव 'अखिल भारतीय शोषित कर्मचारी संघ (रेल्वे)'. नाव वाचून आपलीच संघटना वाटेल. प्रत्यक्षात ती रेल्वेतल्या बिगर-आरक्षित कर्मचाऱ्यांची, आणि तिची मागणी होती बढतीतल्या आरक्षणाची परिपत्रके रद्द करा. न भरलेल्या राखीव जागा पुढे नेणे, कमी गुण मिळालेल्यांना प्रशिक्षण देऊन संधी देणे, हे सगळे तिला अन्यायाचे वाटत होते. शोषित हा शब्दसुद्धा आपल्याकडून काढून घेण्याची ही तयारी! १४ नोव्हेंबर १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी यांचा सहभाग असलेल्या खंडपीठाने परिपत्रके वैध ठरवली. या खटल्यातले न्या. चिन्नप्पा रेड्डींचे निकालपत्र प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावे असे आम्हाला वाटते. आरक्षण ही भीक नाही, हक्क आहे, ही भूमिका न्यायालयाच्या भाषेत इतक्या सरळपणे फार थोड्या ठिकाणी येते.

कायदा जिंकला, मग बढत्या मिळाल्या का? इथे सर्वोच्च न्यायालयातून डिव्हिजनच्या ऑफिसात यावे लागते.

रेल्वेत निवडीच्या पदासाठी बरीच वर्षे शंभर गुणांची विभागणी अशी होती : व्यावसायिक ज्ञान ५०, व्यक्तिमत्त्व, बोलण्याची ढब, नेतृत्व व शैक्षणिक पात्रता मिळून २०, सेवेची नोंद १५, ज्येष्ठता १५. व्यावसायिक ज्ञानाच्या ५० मध्येही १५ गुण तोंडी परीक्षेचे. आता हिशेब करा. व्यक्तिमत्त्व आणि ढब म्हणजे काय? कोणाची ढब? ज्याचा बाप ट्रॅकवर हातोडा मारत होता, त्याचे मराठी किंवा हिंदी समोरच्या तीन साहेबांच्या कानाला कसे लागत असेल? लेखी परीक्षेत जातीला जागा कमी होती, म्हणून ती तोंडी परीक्षेत आणि 'सेवेच्या नोंदीत' जाऊन बसली. पुढे तोंडी परीक्षा बहुतेक पदांसाठी बंद झाली, ज्येष्ठतेचे वेगळे गुणही गेले. पण ज्यांची उमेदीची वर्षे त्या पद्धतीत गेली ते आज निवृत्त आहेत, आणि फायली त्यांच्याच कपाटात आहेत.

सेवेची नोंद म्हणजे सी.आर., गोपनीय अहवाल. बढती नाकारण्याचे याहून सोयीचे हत्यार दुसरे नाही. 'खराब' शेरा दिला तर कळवावा लागे, त्यावर उत्तर देता येई. म्हणून हुशार साहेब खराब शेरा देतच नसे. तो 'चांगला' लिहून मोकळा होई, आणि बढतीला अट असे 'खूप चांगला'ची. ज्याला मारले त्याला मारल्याचा पत्ताच नाही. ही चलाखी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी देव दत्त खटल्यात उघडी पाडली. तो माणूस रेल्वेतला नव्हता, सीमा रस्ते संघटनेत अभियंता होता. पाच वर्षांत चार 'खूप चांगला' आणि एक 'चांगला', त्या एका शेऱ्याने त्याची बढती गेली. निकाल लागला तेव्हा तो निवृत्त झाला होता. न्यायालयाने सांगितले, शेरा चांगला असो की वाईट, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. शेरा आता कळवा, त्याचे म्हणणे ऐका, शेरा सुधारला तर मागच्या तारखेपासून बढतीचा विचार करा, आणि बढती दिलीत तर वाढीव पेन्शनची थकबाकी आठ टक्के व्याजाने द्या. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हीच भूमिका कायम केली. 'आता निवृत्त झाला, आता काय?' या प्रश्नाला यापेक्षा स्पष्ट उत्तर हवे आहे का?

आता दुसरे हत्यार : वेळ. रेल्वेतल्या गार्डांच्या बढतीचा जे. सी. मलिक खटला घ्या. (गार्ड हा शब्द २०२२ पासून रेल्वेने बदलला, आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. नाव बदलले की दर्जा वाढतो अशी समजूत असावी.) पंधरा टक्के रिकाम्या होणाऱ्या जागांवर मोजायचे की एकूण पदांवर, हा वाद. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये आरक्षणविरोधी अर्जदारांच्या बाजूने, पदांवर मोजा असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात अपील संपले १९९५ मध्ये. अठरा वर्षे! या काळात निघालेल्या असंख्य बढती-आदेशांच्या खाली एक ओळ असे : निकालाच्या अधीन राहून. १९७७ साली चाळिशीत असलेला माणूस त्या एका ओळीखाली निवृत्त झाला. त्याच १९९५च्या ऑक्टोबरमध्ये वीरपाल सिंग चौहान खटला आला, तोही उत्तर रेल्वेतल्या गार्डांचा. राखीव जागेवर आधी वर गेलेल्या कर्मचाऱ्याला नंतर वर आलेला जुना सवर्ण सहकारी गाठू शकतो, म्हणजे बढती मिळाली तरी ज्येष्ठता टिकणार नाही, असा 'कॅच-अप' नियम तिथे मान्य झाला.

मधल्या काळात मंडल खटल्याच्या १६ नोव्हेंबर १९९२च्या निकालाने रंगाचारी निकालातला बढतीचा भागच पुसला होता. संसदेला ७७वी घटनादुरुस्ती करून १९९५ मध्ये १६(४अ) आणावे लागले, आणि ज्येष्ठता परत मिळवायला २००१ मध्ये ८५वी घटनादुरुस्ती. मग २००६चा नागराज, २०१८चा जर्नैल सिंग. महाराष्ट्रातल्या तरुणांना ७ मे २०२१चा शासन निर्णय आठवत असेल, राखीव कोट्यातल्या बढतीच्या जागाही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा. त्यावर आपण रस्त्यावर उतरलो. ती लढाई मंत्रालयात सुरू झालेली नाही. तिची सुरुवात रेल्वेच्या रोस्टरवर झाली होती.

एवढे सगळे पार करून निवृत्त माणूस जिंकला, तर त्याच्या हातात काय पडते? रेल्वेच्या आस्थापना नियमपुस्तिकेतला परिच्छेद २२८ वाचा. प्रशासनाच्या चुकीने बढती हुकली असेल तर ज्येष्ठता योग्य जागी लावा, पगार कागदोपत्री निश्चित करा, पण थकबाकी देऊ नका, कारण त्याने त्या पदाची जबाबदारी प्रत्यक्ष सांभाळलेली नाही. चूक प्रशासनाची आणि दंड कर्मचाऱ्याला! १९९० मध्ये उत्तर रेल्वेच्याच अविनाशचंद्र चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व उचलून धरले. पण १९९१च्या जानकीरामन खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की जो काम करायला तयार होता आणि ज्याला त्याचा दोष नसताना प्रशासनाने दूर ठेवले, त्याला हे तत्त्व सरसकट लावता येत नाही. तो खटला आरोपांतून निर्दोष सुटलेल्या कर्मचाऱ्यांचा होता. आमचे म्हणणे असे की रोस्टर चुकवून ज्याला मागे ठेवले, तोही तितकाच निर्दोष आहे. 'तू त्या खुर्चीत बसला नाहीस' असे त्यानेच म्हणावे का, ज्याने खुर्ची ओढून घेतली?

तरुणांनी या फायली हातात घ्याव्यात, भावनेपेक्षा हिशेबाने. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये, अर्जाची फी पन्नास रुपये आहे, आपल्याकडे मुंबईला त्याचे खंडपीठ आहे. पैसा हा तिथला पहिला अडसर नाही. अडसर आहे १९८५च्या कायद्यातले कलम २१. अंतिम आदेशापासून एक वर्ष. खात्याकडे अर्ज करून उत्तर आले नाही, तर सहा महिने वाट पाहून पुढे एक वर्ष. त्यानंतर दहा स्मरणपत्रे पाठवली तरी मुदत वाढत नाही, हे १९८९ पासून ठरलेले आहे. आपले लोक नेमके इथे फसतात. साहेब 'बघतो' म्हणतो, युनियनवाला 'पुढच्या मीटिंगला घेऊ' म्हणतो, आणि वर्ष सरते.

तरीही एक वाट आहे. २००८च्या तरसेम सिंग निकालाने पगारनिश्चिती आणि पेन्शनचा प्रश्न हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला. उशीर झाला तरी दाद मागता येते, थकबाकी मात्र साधारण मागच्या तीन वर्षांचीच. दुसऱ्या कोणाच्या ज्येष्ठतेला धक्का लागत असेल तर उशीर नडतो. निवृत्त माणसाला बसायला खुर्ची नको असते, तो कोणाला खाली ओढत नाही, त्याला फक्त नोंद आणि त्या नोंदीवरचे पेन्शन हवे असते, हा मुद्दा वकिलाला पहिल्या पानावर लिहायला सांगा.

आणि जे आज नोकरीत आहेत, ट्रॅक मेंटेनर असोत की ज्युनियर इंजिनिअर, त्यांनी ज्येष्ठता यादी नोटीस बोर्डावर लागेल त्याच दिवशी तिचा फोटो काढावा, हरकत लेखी द्यावी, पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्यावा, आणि रोस्टर रजिस्टरची प्रत माहिती अधिकारात मागावी. वर्षाचा शेरा हातात पडला की तो 'चांगला' आहे म्हणून खूश होऊ नये. बढतीला काय लागते ते आधी विचारावे, आणि दिलेल्या मुदतीत त्यावर लेखी उत्तर द्यावे.