लज्जेआडची व्याधी

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गावरचे बिडकीन सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होते. त्या राजवटीत पटकी, प्लेग यांसारख्या साथींची दखल सरकारदप्तरी घेतली जात असली, तरी जिवावर न बेतणाऱ्या आणि लज्जेने झाकलेल्या जांघेतील उवांचा माग काढायचा झाल्यास दप्तर सोडून वैद्यकग्रंथांकडेच वळावे लागते.

केस, दाढी, अंगावरची लव, पापण्या आणि वस्त्रे ही ज्यांची वसतिस्थाने, तिळासारखा ज्यांचा आकार आणि कंडू उत्पन्न करणे हा ज्यांचा प्रभाव, अशा बाह्य कृमींचे जे वर्णन चरकसंहितेच्या विमानस्थानात आले आहे, त्यातील पापण्यांचा उल्लेख मला विशेष मोलाचा वाटतो. कारण डोक्यातील ऊ पापण्यांवर सहसा जात नाही, जांघेतील ऊ मात्र तेथेही ठाण मांडते. या कृमींचे कारण म्हणून ग्रंथकाराने अस्वच्छता सांगितली आहे. ती या उवेच्या बाबतीत आज ग्राह्य धरता येत नाही. ही ऊ मुख्यतः शरीरसंबंधातून पसरते, आणि नित्य स्नान करणारालाही होते.

उपाय काळानुसार पालटले. पूर्वी पाऱ्याचे मलम चोळीत. दौलताबादच्या परिसरात सीताफळ विपुल, आणि त्याच्या बियांची पूड उवांवर लावण्याचा घरगुती प्रघात महाराष्ट्रात जुनाच. परंतु ती पूड डोळ्यांना गंभीर इजा करते, म्हणून नाजूक जागी ती मुळीच लावू नये. दुसऱ्या महायुद्धात डीडीटी हे कीटकनाशक आले. आज एक टक्का परमेथ्रिनचे मलम वापरतात.

एक-दोन मिलिमीटर लांबीची, चपटी, खेकड्यासारखी ऊ. केसांच्या मुळाशी घट्ट चिकटलेल्या लिखा. रात्री वाढणारी खाज. अंतर्वस्त्रावर रक्ताचे बारीक ठिपके. मांड्यांवर वा ओटीपोटावर निळसर डाग, ही तिची ओळख. उपचार जोडीदारानेही त्याच वेळी घ्यावा, आणि कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुवावे. उपचारानंतर नऊ-दहा दिवसांनी जिवंत ऊ दिसल्यास, खाजवून जखमेत पू झाल्यास, पापण्यांवर ऊ आढळल्यास, किंवा स्त्री गर्भवती असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये; पापण्यांना परमेथ्रिन तर लावूच नये. लहान मुलास ही ऊ झाल्याचे दिसले, तर त्यामागे अत्याचार तर नाही ना, याचीही डॉक्टरांकरवी शहानिशा व्हावी. या उवेबरोबर अन्य लैंगिक संसर्गही असू शकतात, म्हणून प्रौढांनी त्यांची तपासणी करून घ्यावीच.

बिडकीनकरांना छत्रपती संभाजीनगरातील घाटी रुग्णालयाचा त्वचारोग विभाग दूर नाही. तेथे संकोच न धरता जावे.