वादळ यायला 55 तास

1 जून 2020, पहाटे साडेपाच. अजून 55 तास.

अरबी समुद्रात, लक्षद्वीपच्या वरच्या अंगाला आणि गोव्यापासून बऱ्याच लांब, ढगांचा एक भलामोठा पुंजका जमलाय. किनाऱ्यावरून तो दिसत नाही, पण उपग्रहाला दिसतो. हवामान खातं सांगतं की समुद्रात कमी दाबाचं तीव्र क्षेत्र तयार झालं आहे.

दाब कशाचा? हवेचा. हवेला वजन असतं आणि ती आपल्याला सगळीकडून दाबत असते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन खाऊन खाऊन समुद्राचं वरचं पाणी चांगलं तापलेलं असतं. वादळ उभं राहायला साधारण 27 अंश सेल्सिअस पाणी पुरतं, आणि या दिवसांत अरबी समुद्र त्याहूनही गरम असतो. तापल्या पाण्यावरची दमट हवा हलकी होऊन वर जाते. खाली हवा कमी पडली की आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावत येते. तीही तापते, ओली होते आणि वर चढते.

आता गंमत बघा. वर गेलेल्या वाफेचे थंडीने थेंब होतात, ढग होतात. पाण्याची वाफ होताना तिने समुद्राकडून जी उष्णता घेतली होती, ती थेंब होताना बाहेर पडते. त्या उष्णतेने ढगातली हवा आणखी तापते आणि आणखी जोरात वर उसळते. मग खालून आणखी हवा ओढली जाते. पायाखाली गरम पाणी आहे तोवर हे थांबत नाही.

 

2 जून, पहाटे साडेपाच. 31 तास.

वारा ताशी 50 किलोमीटरच्या पुढे गेलाय आणि तो गोल फिरतोय. सरळ मध्याकडे का जात नाही? कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते. तिच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात वाहता वारा थोडा उजवीकडे वळतो. सगळीकडून आलेले वारे मध्य चुकवून असे उजवीकडे सरकले, की मध्याभोवती घेरा धरतात. हा घेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो.

2 जून, दुपार. साधारण 24 तास.

वाऱ्याने ताशी 62 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. एवढा वेग झाला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव मिळतं. नावं आधीच ठरलेली असतात. आपल्या भागातल्या 13 देशांनी प्रत्येकी 13 नावं दिली आणि 169 नावांची यादी झाली. जुन्या यादीतलं शेवटचं नाव ‘अम्फान’ होतं. ते वादळ दोनच आठवड्यांपूर्वी पश्चिम बंगालवर आदळलं. नव्या यादीतलं पहिलं नाव बांगलादेशाचं आहे: ‘निसर्ग’.

आधी उत्तरेकडे चाललेलं हे वादळ आता ईशान्येकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे वळतंय. ते त्याने मनाशी ठरवलेलं नाही. वरच्या थरातले वारे ढकलतील तिकडे वादळ जातं. ते वारे मोजता येतात, म्हणून वादळ कुठे आणि कधी पोहोचेल हे आधी सांगता येतं. आज सगळ्यांचा जीव याच एका गोष्टीवर टांगलेला आहे.

2 जून, रात्र.

रायगडात किनाऱ्यालगतच्या, कच्च्या घरांतल्या हजारो माणसांना शाळांमध्ये आणि पक्क्या इमारतींमध्ये नेलं जातंय. त्यातून करोनाची साथ! सगळे जवळ आले तर आजार पसरेल आणि घरीच राहिले तर छप्पर डोक्यात पडेल. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या केंद्रातले रुग्णही दुसरीकडे हलवले जात आहेत. टीव्हीवर मात्र जवळजवळ सगळी चर्चा मुंबईचीच आहे.

3 जून, पहाटे. 7 तास.

‘निसर्ग’ आता तीव्र चक्रीवादळ झालंय. मुंबईच्या रडारला त्याचा डोळा दिसतोय. डोळा म्हणजे वादळाच्या मधली शांत जागा. तिथे वारा मंद असतो आणि ढगही कमी असतात. सगळ्यात भयंकर वारा डोळ्याच्या कडेने फिरतो. हा डोळा सुमारे 65 किलोमीटर रुंद होता आणि तो लहान होऊ लागलाय. ही चांगली खबर नाही. फुगडी खेळताना दोघी जवळ आल्या की गिरकीचा वेग वाढतो, तसंच इथेही होतं.

3 जून, दुपारी साडेबारा. शून्य.

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला, वादळ जमिनीला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर आहे, आणि झोत 130 पर्यंत जातायत. पत्रे उडतात, कौलं फुटतात, विजेचे खांब वाकतात. मुरूड, दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये माड-पोफळी मोडून एकमेकांवर पडतायत. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर एक जहाज भरकटत येऊन लागलंय.

मुंबई थोडक्यात वाचली ती कशी? घेरा आठवा. वारा घड्याळाच्या उलट फिरतोय, म्हणून डोळ्याच्या उत्तरेला तो जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि दक्षिणेला समुद्राकडून जमिनीवर येतो. मुंबई उत्तरेला होती. श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली या बाजूंना मात्र वारा समुद्रावरून थेट अंगावर आला. त्यात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही मिळाला, कारण वाटेच्या उजव्या हाताला हे दोन्ही वेग एकत्र होतात. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. पण सकाळची भरती होऊन गेली होती, एवढी मेहेरबानी.

आणि एक लक्षात ठेवा. डोळा डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. ‘चला, संपलं’ म्हणून बाहेर पडायचं नाही. दुसरी कड अजून यायची असते, आणि त्या वेळी वारा उलट दिशेने येतो.

दुपारी अडीच.

वादळ पूर्ण जमिनीवर आलं. खाली गरम पाणी राहिलं नाही, आणि डोंगर-झाडं-घरांना घासून वारा मंदावतोय.

संध्याकाळ.

‘निसर्ग’ पुणे जिल्ह्यावर आहे. अजूनही झाडं पाडतोय, पण आता तो तीव्र राहिलेला नाही. रात्रीत आणखी दुबळा होईल आणि नुसता पाऊस देत विदर्भाकडे जाईल.

श्रीवर्धनमध्ये वीज नाही आणि फोनही लागत नाहीत. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागणार आहेत. इथल्या रोठा सुपारीचं मोठं नाव आहे. वाडीतली पोफळ आडवी झाली तर नवं रोप लावता येतं, पण त्याला सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. वादळाच्या दिवशी जो मुलगा तिसरीत होता, तो नव्या पोफळीची पहिली सुपारी वेचेल तेव्हा आठवी ते दहावीत असेल.