उजव्या हातावरचे बारा तास

वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्याचे स्नायू आधीच झिजलेले असतात. जोर लावणारे तंतू बारीक होतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. शरीरात मॅग्नेशियम, फॉस्फेट, पोटॅशियम कमी पडतं. अशा माणसाची एक रात्र साधारण कशी बिघडत जाते, त्याचा हा घटनाक्रम.

रात्री ११:०० : तो जमिनीवर पालथा पडतो. उजवा हात छातीखाली. घरचे म्हणतात, "झोपू दे, सकाळी उतरेल."

११:३० : हात बधिर होऊ लागतो. एरवी माणूस झोपेतही कूस बदलतो. दारूच्या अंमलात तो हलत नाही.

१:०० : अंगाच्या भाराने रक्तवाहिन्या दबल्या आहेत. प्राणवायूविना पेशींची ऊर्जा संपत चालली आहे, आम्ल साचतं आहे.

३:०० : इथवर कुणी त्याला वळवलं असतं, तर स्नायू बहुतेक सावरला असता.

५:०० : सहा तास झाले. आता पेशी कायमच्या मरू लागल्या आहेत.

७:०० : "अहो, उठा ना!" बायको त्याला उताणं करते. मनगट उचलत नाही, पंजा लोंबतो. रक्त पुन्हा वाहू लागतं आणि मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम, मायोग्लोबिन सगळ्या शरीरात पसरतं.

९:०० : हात सुजून दगडासारखा टणक. स्नायूभोवतीचं आवरण ताणत नाही, म्हणून आतला दाब उरलासुरला रक्तप्रवाहही अडवतो. बोटं सरळ करताच तो कळवळतो. लघवी कोऱ्या चहासारखी. घरचे म्हणतात, "उष्णता झाली असेल." खरं तर मायोग्लोबिन मूत्रपिंडं बंद पाडतं आहे. १९४१ साली लंडनमध्ये, बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांत बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी मूत्रपिंडं अशीच बंद पडल्याचं नोंदवलं होतं.

११:०० : रुग्णालय. ईसीजीवर टोकदार लाटा; पोटॅशियममुळे हृदय कधीही थांबू शकतं. सलाइन सुरू होतं. दाब उतरवायला हाताला लांब चीर द्यावी लागणार, कदाचित डायलिसिसही.

एवढा अनर्थ एका समजुतीपायी होतो: दारू पिऊन पडलेला माणूस झोपला आहे. हाक मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, तर ती बेशुद्धी आहे. १०८ ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा, अंगाखालचा हात मोकळा करा. दारू सुटली तर झिजलेले स्नायू काही महिन्यांत बरेचसे भरून येतात. पण त्यासाठी आधी त्याला त्या रात्रीतून वाचवायला हवं.