गोवा : लोकसंख्या, कुटुंब व उपजीविका

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. पोर्तुगीज राजवटीतून मुक्त होण्यापूर्वी, १९६० मध्ये ती जेमतेम ५ लाख ९० हजार होती. या वाढीत कर्नाटक, महाराष्ट्र आणि उत्तर भारतातून पोटापाण्यासाठी आलेल्यांचाही मोठा वाटा आहे. २०११ मध्ये ६२ टक्के लोक नागरी भागात राहत होते. साक्षरता ८८.७ टक्के. मातृभाषा कोकणी सांगणारे ६६ टक्के, तर मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के होते. मात्र देवळांतील कीर्तन, नाटक आणि वृत्तपत्रे यांतील मराठीचा वावर या आकड्यातून कळत नाही.

कुटुंबरचनेवर स्थलांतराचा ठसा खोल आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे मुक्तीपूर्वी, येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते; त्या आधारे अनेक तरुण इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनला गेले. आखाती देशांत व जहाजांवर नोकरी करण्याची प्रथा त्याहून जुनी. साष्टी तालुक्यात बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) असलेली मोठी घरे कुलूपबंद दिसतात, किल्ली शेजाऱ्याकडे. पोर्तुगीज काळापासूनच्या समान नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत पती-पत्नीचा निम्मा-निम्मा वाटा असतो. त्यामुळे वडिलोपार्जित घर विकताना सर्व वारसांच्या व त्यांच्या जोडीदारांच्या सह्या लागतात, आणि व्यवहार वर्षानुवर्षे अडतात.

दरडोई उत्पन्नात गोवा देशात अग्रभागी आहे. पर्यटन व औषधनिर्मिती हे मुख्य आधार. २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन थांबले तेव्हा सांगे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकमालकांच्या कर्जाचे हप्ते थकले. सरासरी उत्पन्नाच्या आकड्यात ही झळ दिसत नाही.