बोंडात शिरण्याआधीचे शंभर तास

2017 च्या दिवाळीनंतर जालना जिल्ह्यात वेचणीला गेलेल्या बायांच्या हाती कापूस आलाच नाही. आली ती कवडी: पिवळी, चिकटलेली, नखानं ओरबाडावी लागणारी. पंचनामे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाले आणि सरकारी कागदावर आपत्तीची तारीख तीच पडली. प्रत्यक्षात शेतकरी हरला तो त्याच्या कितीतरी आधी, गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरली त्या क्षणी. त्यानंतर कुठलीही फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

तो क्षण शून्य धरून मागचे शंभर तास मोजू या. हा घटनाक्रम कोणा एकाच्या शेतातला नाही. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदनापूर, भोकरदन, अंबड, घनसावंगी, परतूरकडच्या कितीतरी शेतांत तो याच क्रमानं घडला.

100 तास आधी : मध्यरात्र उलटलेली

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली आहे. पाते, फुलं आणि हिरवी बोंडं एकाच झाडावर आहेत. करड्या-तपकिरी रंगाची, नखाएवढी पतंग-मादी बोंडाच्या देठाशी येते आणि हिरव्या पाकळ्यांच्या आड अंडी घालते. कधी एक, कधी चार-पाच. आयुष्यभरात ती शंभराहून जास्त अंडी घालते.

या झाडाकडे हत्यार आहे. जमिनीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, या जिवाणूची जनुकं त्याच्या पेशीपेशीत आहेत. त्यांच्यामुळे तयार होणारं प्रथिन अळीच्या आतड्याला छिद्रं पाडतं. हे हत्यार भारतात आलं ते जालन्याच्या कंपनीमार्फत. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको स्थापन केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून त्यांनी संकरित बियाण्याचा धंदा देशभर नेला. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 1996 मध्ये महिकोनं अमेरिकेच्या मोन्सँटोकडून शंभर ग्रॅम बीटी बियाणं आणलं आणि ते जनुक भारतीय वाणांत उतरवलं. 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीनं, म्हणजे जीईएसीनं, महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. देशातलं हे पहिलं जनुक-बदल केलेलं पीक. 2006 मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-2 आलं. पुढच्या काही वर्षांत देशाचं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्र बीटीखाली गेलं.

बारवाले 24 जुलै 2017 रोजी वारले. हंगाम तेव्हा उभा होता.

90 तास आधी : दुपार

उन्हात पतंग दिसत नाही. तो जमिनीच्या भेगांत, पालापाचोळ्याखाली दडतो. शेतकरी फेरी मारून येतो. झाड हिरवंगार, बोंडं टणक. काळजीचं काही कारण दिसत नाही.

खरं तर कारण जूनमध्येच पेरलं गेलं. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत तेव्हा 120 ग्रॅमचं आणखी एक पाकीट येई, नॉन-बीटीचं. कडेच्या पाच ओळी किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढं ते लावायचं. ही 2002 च्या परवानगीतलीच अट. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. बीटी पचवणारी अळी हजारांत एखादी जन्मते. जवळपास साध्या कपाशीवर वाढलेले भरपूर पतंग असतील, तर तिचं मीलन त्यांच्याशी होतं आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. साधी कपाशीच नसेल, तर वाचलेल्याची गाठ वाचलेल्याशीच पडते.

हिरव्या बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो. तिच्यासाठी शिवारात आपोआप आसरा असतो. गुलाबी बोंडअळीचं पोट जवळजवळ कपाशीवरच अवलंबून. तिच्यासाठी साध्या कपाशीचं आश्रय पीक लावावंच लागतं.

ते लावलं गेलं नाही. तीन एकर कोरडवाहूच्या धन्याला वीस टक्के रान अळीसाठी सोडा म्हणायचं आणि त्याच्या नुकसानीचं काय ते सांगायचं नाही, तर तो ते पाकीट बांधावर टाकणारच. त्याला दोष देणं सोपं आहे. अट घालणाऱ्यानं ती पाळली जाते का हे पाहायला गावात माणूस ठेवला नव्हता, हा दोष त्याहून मोठा आहे.

76 तास आधी : दुसरी रात्र

शेतात कामगंध सापळे लावले असते, तर आज रात्री ते बोलले असते. मादीच्या गंधाची गोळी लावलेला साधा प्लास्टिकचा सापळा. नर त्यात येऊन अडकतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ आली असं समजायचं. बहुतेक शेतांत सापळाच नाही. बीटी आहे ना, मग अळी येणार नाही, हा विश्वास दीड दशकात इतका मुरला होता की बोंड फोडून पाहायची सवयही गेली.

मोठे सापळे मात्र केव्हाच बोलले होते. मार्च 2010 मध्ये मोन्सँटोनं स्वतःच सांगितलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिलं बीटी, म्हणजे बोलगार्ड-1, पचवते आहे. 2015 पर्यंत गुजरातेत बोलगार्ड-2 वरही जिवंत अळ्या सापडू लागल्या आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं त्याची नोंद केली. जालन्याला दोन वर्षांचा अवधी मिळाला होता.

64 तास आधी : दुपार, कृषी सेवा केंद्र

दुकानात गर्दी आहे. शेतकरी मावा, तुडतुड्यावरचं औषध मागतो. दुकानदार दोन-तीन बाटल्या एकत्र मारायला सांगतो. याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अळीला लागू न पडणारं विष फवारणाऱ्याच्या अंगात गेलं.

याच काउंटरवर जूनमध्ये बियाण्याचं पाकीट विकलं गेलं तेव्हा त्याच्या किमतीवर देशभर चर्चा होऊन गेली होती. सुरुवातीला पाकीट दीड हजारांच्या पुढे विकलं जाई आणि त्यातला मोठा भाग तंत्रज्ञान शुल्क म्हणून महिको मोन्सँटो बायोटेककडे जाई. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगात गेलं आणि 2006 मध्ये किंमत 750 रुपयांवर आली. डिसेंबर 2015 मध्ये केंद्रानं कापूस बियाण्यासाठी किंमत नियंत्रण आदेश काढला. मार्च 2016 मध्ये बोलगार्ड-2 चं पाकीट 800 रुपयांना आणि त्यातलं तंत्रज्ञान शुल्क 49 रुपये असं ठरलं. बियाणे कंपन्या आणि मोन्सँटो यांचं पेटंटचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

शुल्क किती असावं यावर मंत्रालयं, आयोग, न्यायालयं झटत होती. ज्या गुणासाठी ते शुल्क द्यायचं तो गुण यंदा शिल्लक आहे का, हा प्रश्न त्या खटल्यांच्या मध्यभागी कधी आलाच नाही. शेतकऱ्यानं पूर्ण पैसे मोजले आणि ज्या अळीला अर्धी दारं उघडली होती तिच्यापासून संरक्षण विकत घेतलं.

48 तास आधी : सकाळ

अंडं अजून अंडंच आहे. आज निंबोळी अर्क फवारला, ट्रायकोग्रामाची कार्डं पानाखाली टाचली, तर या पिढीचा मोठा भाग इथेच संपेल. ट्रायकोग्रामा हा सूक्ष्म गांधीलमाशीसारखा कीटक; तो दुसऱ्याच्या अंड्यात अंडी घालतो. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचं कृषी विद्यापीठ यांच्याकडे हे ज्ञान होतं. पण अंडं डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या शत्रूवर आज खर्च करा असं गावोगाव जाऊन सांगायला जेवढे कृषी सहायक लागतात तेवढे नव्हते.

24 तास आधी : दिल्लीतली टेबलं

याच जालन्याच्या कंपनीचं आणखी एक पीक आठवावं. 14 ऑक्टोबर 2009 रोजी जीईएसीनं महिकोच्या बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी वांग्याला स्थगिती दिली. पीक शेतात जाण्याआधी केवढी चर्चा! पुढच्याच महिन्यात बीटी कापसावरची अळी टिकल्याची कबुली आली, तेव्हा कुठल्या शहरात जनसुनावणी झाली नाही. आपल्या व्यवस्थेत परवानगीच्या आधी दहा टेबलं आहेत आणि परवानगीनंतर एकही नाही.

परवानगी देताना आणखी एक गोष्ट दुर्लक्षिली गेली. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात बीटी प्रामुख्यानं सरळ वाणांत आहे. आपल्याकडे ते संकरित वाणांत आलं, कारण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत दोन्ही प्रथिनं असतात, काहींत एक, काहींत एकही नाही. सरकी खाणाऱ्या अळीला जणू थोड्या थोड्या विषाची सवय लावणारी शाळाच मिळाली. त्यातच हे वाण लांब मुदतीचे, म्हणजे अळीला जास्त महिने अन्न.

हीच अळी अमेरिकेतून मात्र गेली. अॅरिझोनातल्या शेतकऱ्यांनी 1996 पासून दहा वर्षं आश्रय पीक काटेकोर पाळलं, मग नपुंसक पतंग विमानांतून सोडले गेले. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेनं कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. जनुक तेच, अळी तीच. फरक होता तो परवानगीनंतरच्या शिस्तीचा.

12 तास आधी : संध्याकाळ

आज रात्री फुटणाऱ्या अंड्यांची आई कुठून आली? मागच्या हंगामाच्या फरदडीतून. भाव बरा मिळाला आणि विहिरीला पाणी असलं, की डिसेंबरनंतरही कपाशी ठेवायची आणि मार्चपर्यंत वेचायची. गरजेपोटीच ते होतं. अळीला त्यामुळे वर्षभर घर मिळतं. उरलेल्या अळ्या सरकीत निजून राहतात, जिनिंगच्या आवारात, पऱ्हाटीच्या ढिगांत, आणि नवी कपाशी फुलावर आली की जाग्या होतात.

2 तास आधी : पहाट

मोत्यासारखं पांढरं अंडं आता तांबूस झालं आहे. ते फुटतं. बाहेर येते ती पांढुरकी, काळ्या डोक्याची, जेमतेम मिलिमीटरभर अळी. गुलाबी रंग पुढे येईल. हे दोन तास ती उघड्यावर आहे.

ती बोंडाच्या सालीला पहिला चावा घेते. प्रथिन आतड्यात उतरतं. आतड्याच्या पेशीवर ज्या ठिकाणी ते चिकटायला हवं, ती ठिकाणंच या अळीत बदललेली आहेत. विष तिला लागू पडत नाही. ती पुढे सरकते.

शून्य

अळी आत. तिनं पाडलेलं छिद्र वाढत्या बोंडाबरोबर बुजून जातं. बाहेरून बोंड निरोगी दिसतं. आत ती दोन आठवडे सरकी खात राहते, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते. फुलातली अळी पाकळ्या जाळ्यानं बांधते, अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. ती पाहून ओळखणारा वेळेवर पोहोचला तरच काही उपयोग.

त्यानंतर

महाराष्ट्रात त्या वर्षी कपाशी चाळीस लाख हेक्टरांहून अधिक होती. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तक्रारींचे ढीग लागले. 2009 च्या राज्य कापूस बियाणे कायद्याखालचे तक्रारीचे जी फॉर्म भरायला तालुक्याच्या ठिकाणी रांगा लागल्या. डिसेंबर 2017 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारनं मदत जाहीर केली: कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपये, बागायतीला 37,500. यातले 16,000 रुपये बियाणे कंपन्यांनी द्यायचे होते आणि 8,000 पीक विम्यातून यायचे होते. उरलेले 6,800 किंवा 13,500 आपत्ती निधीचे. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली. बियाणं उगवलं, म्हणजे ते सदोष नव्हतं. अळी बदलली त्याला आम्ही काय करणार, असा त्यांचा पवित्रा होता.

हा युक्तिवाद कायद्याला चालत असेल, तर कायदा बदलायला हवा. उगवणशक्ती तपासणारा कायदा पिशवीवर छापलेल्या गुणाची वर्षानुवर्षं तपासणी करत नसेल, तर शेतकऱ्याला दिलेलं संरक्षण अर्धवट आहे. औषधाच्या बाबतीत आपण हे मान्य केलं आहे. गोळी बाजारात आल्यावरही तिच्या दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते आणि गरज पडली तर ती मागे घेतली जाते. जनुकाला हीच शिस्त का नको?

पुढे काही गोष्टी झाल्या. हंगामपूर्व लागवड होऊ नये म्हणून राज्यानं बियाणे विक्रीच उशिरा सुरू करायला लावली. सापळे वाटले गेले, फरदड नको म्हणून मोहिमा झाल्या. त्या उपयोगी आहेत, पण सगळा भार पुन्हा शेतकऱ्याच्या खांद्यावर आहे.

मागणी साधी आहे. प्रत्येक कापूस जिल्ह्यातल्या अळ्या दर हंगामाअखेर प्रयोगशाळेत तपासा. कोणत्या जनुकाला त्या किती जुमानतात याचा निकाल पुढची पाकिटं दुकानात येण्याआधी मराठीत जाहीर करा. निकाल वाईट असेल तर पाकिटावरचा दावा काढा आणि शुल्कही काढा. तपासणीचा खर्च त्याच शुल्कातून करा. परवानगीला मुदत घाला आणि ती वाढवताना शेतातला पुरावा मागा. देशात बियाण्याचं गाव म्हणून नाव कमावलेल्या जालन्यात अशी पहिली प्रयोगशाळा उभी राहायला काहीच अडचण नाही; जमीन, माणसं, ज्ञान सगळं इथे आहे. 2010 मध्ये ती असती, तर 2017 च्या शेतकऱ्याला शंभर तास नव्हे, सात वर्षं मिळाली असती.